सवारीतला लुत्फ

आनंद हा विषय आपल्याकडच्या गंभीर लेखनात फारसा येत नाही. दारिद्र्य, शिक्षणातील गळती, बेकारी, स्त्रियांवरचा अन्याय यांविषयी आपण लिहितो आणि ते लिहिलेच पाहिजे. परंतु एखादी गोष्ट करताना माणसाला सुख का होते, ते सुख कोणत्या प्रतीचे असते आणि त्याची किंमत कोण चुकवतो, हेही नैतिक प्रश्नच आहेत. मी उर्दू माध्यमाच्या माध्यमिक शाळेत शिकवते. माझ्या वर्गातील नववी-दहावीची मुले ज्या सुखाची सर्वांत अधीरतेने वाट पाहत असतात, ते सुख म्हणजे मोटारसायकल. या विषयावर त्यांच्या कानी दोनच आवाज पडतात. जाहिराती सांगतात की वेगातच तारुण्य आहे. घरातील वडीलधारी मंडळी सांगतात, गाडी कामापुरती वापरा, बाकी सारा फुजूलपणा. पहिला आवाज सुखाला जबाबदारीपासून तोडतो आणि दुसरा जबाबदारीला सुखापासून. सवारी सुखाची नेमकी कशाने होते, हे मात्र मुलांना कोणीच सांगत नाही.

यावर बोलण्याइतका अनुभव मला दोन जागांवरून मिळाला आहे. लग्नानंतर आठ वर्षे मी मागच्या सीटवर बसले. गेली पाच वर्षे मी स्वतः १०० सीसीची मोटारसायकल चालवते. शाळेकडे जाणारा रस्ता चढाचा आणि खड्ड्यांचा आहे; स्कूटरच्या लहान चाकांपेक्षा मोटारसायकलचे मोठे चाक तिथे बरे पडते. गाडी हाती घेण्यामागे याहून मोठे कारण नव्हते. पण एकच रस्ता, एकच गाडी आणि दोन जागा, यांतून सुखाचे दोन वेगळे हिशेब मला दिसले. ते मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी शब्दांकडे पाहू. उर्दूत सुखाला अनेक शब्द आहेत. त्यांतील तीन आपल्या कामाचे. 'मजा' हा मुळात चवीचा शब्द आहे. तो मराठीतही रुळला आहे. जिभेवर आला आणि गेला, असे ते सुख. दुसरा शब्द 'नशा'. त्यात माणूस स्वतःला विसरतो आणि मात्रा दरवेळी थोडी वाढवावी लागते. तिसरा शब्द 'लुत्फ'. उर्दूत आपण 'लुत्फ उठाना' म्हणतो तेव्हा आस्वाद घेणे असा अर्थ होतो. परंतु ज्या अरबीतून हा शब्द आला तिथे त्याचा अर्थ मवाळपणा, सौजन्य, दुसऱ्याशी हळुवार वागणे असा आहे. अल्लाहच्या नावांपैकी 'लतीफ' हे नाव याच मुळातले. उर्दूनेही तो अर्थ सोडलेला नाही. 'लुत्फ-ओ-करम' म्हणताना मेहरबानीच अभिप्रेत असते. म्हणजे आस्वाद आणि सौजन्य या दोन गोष्टी एका शब्दात एकत्र नांदतात. हा केवळ भाषेचा योगायोग आहे, की सुखाविषयी त्यात काही सांगितले आहे? मोटारसायकलच्या सवारीवर हा प्रश्न तपासून पाहता येतो.

आपल्याकडे मोटारसायकल ही चैनीची वस्तू म्हणून आली नाही. बुलेट १९५५ पासून मद्रासेत तयार होऊ लागली. जावा आणि पुढे येझदी म्हैसूरहून येत. गावात अशी एखादीच गाडी असे आणि तिचा आवाज ओळखीचा असे. १९८५ च्या सुमारास कमी पेट्रोल पिणाऱ्या चार-स्ट्रोक १०० सीसीच्या गाड्या आल्या आणि चित्र बदलले. दूधवाला, मासळीची पेटी बांधून वाडीवाडीत फिरणारा, कापडाचे गठ्ठे नेणारा, आमच्यासारखे शिक्षक, सगळ्यांचे पोट या दोन चाकांवर फिरू लागले. मोहल्ल्यातील कित्येक मुले गॅरेजमध्ये मिस्त्रीच्या हाताखाली कार्बोरेटर साफ करता करता कमावती झाली. म्हणून मोटारसायकलच्या सुखाविषयी बोलणे म्हणजे श्रीमंतांच्या छंदाविषयी बोलणे नव्हे. ज्याला दिवसभरात स्वतःचा असा वेळ मिळत नाही, त्याला कामावरून परतीच्या वाटेवरची वीस मिनिटे मिळतात. ती वीस मिनिटे कशी जातात, हा साध्या माणसाच्या आयुष्यातला लहान प्रश्न नाही.

सुख कशात आहे, असे मुलांना विचारले तर पहिले उत्तर येते : वेगात. हे उत्तर खोटे म्हणून झटकून टाकणे बरोबर नाही. वारा छातीवर येतो, इंजिनाचा सूर चढतो, रस्त्याकडेची झाडे धूसर होतात, यात सुख आहेच. परंतु या सुखाचा स्वभाव पाहावा. ते वेगापेक्षा वेगातील वाढीत असते. पहिल्या आठवड्यात ताशी ५० ला जी थरथर वाटते तिच्यासाठी महिन्याभराने ७० लागतात आणि वर्षभराने ९० ही सपक वाटू लागतात. ही नशेची रीत झाली. शरीराची आणि यंत्राची रीत मात्र वेगळी आहे. ताशी ६० च्या वेगाने गाडी एका सेकंदात १६ मीटरांहून अधिक अंतर कापते. दचकून ब्रेककडे हात जाईपर्यंतच दोन वर्गखोल्यांची लांबी मागे पडलेली असते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतर थांबायला लागणारे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. हे गणित दहावीच्या मुलाला समजते. न समजणारी गोष्ट एवढीच की सुखाची मागणी एका गतीने वाढते आणि धोका त्याहून मोठ्या गतीने.

शिवाय वेगाने सवारीतले बरेच काही हरवते. नजर एका अरुंद पट्ट्यात अडकते. वास येत नाहीत. कडेला कोण उभे आहे ते दिसत नाही. म्हणजे ज्या सवारीसाठी आपण बाहेर पडलो तीच आपल्या हाती कमी लागते.

दुसरे उत्तर असते गाडीचे. अमुक सीसी, अमुक कंपनी, अमुक रंग. चांगल्या यंत्राचे सुख खरे आहे. ज्याच्या गाडीची साखळी नीट ताणलेली, चाकांत हवा बरोबर आणि ब्रेक समतोल आहेत, त्याची सवारी सुखाची होते. स्वतः साखळीला तेल देणाऱ्याला गाडीचा बारीकसा बदललेला आवाजही कळतो. परंतु इथे एक वळण चुकते. इमाम गझाली यांनी 'कीमिया-ए-सआदत' या ग्रंथात शरीराला वाहनाची उपमा दिली आहे. हजला निघालेल्याने उंटाची निगा राखलीच पाहिजे. पण जो सारा वेळ उंटाला खाऊ घालण्यात आणि सजवण्यातच घालवतो त्याला काफिला मागे टाकून पुढे जातो, असे ते समजावतात. गझाली ११११ साली वारले. नाक्यावर गाडी उभी करून दिवसभर तिचे आरसे आणि सायलेन्सर बदलत बसणारी आजची मुले त्यांनी पाहिली नव्हती, पण उंट त्यांच्या ओळखीचा होता.

गाडी कुणाच्या पैशाने आली, हाही या उत्तरातलाच प्रश्न आहे. आपल्या समाजात लग्नाच्या बोलणीत मोटारसायकल हा शब्द कसा येतो, हे वाचकांना माझ्याइतकेच माहीत आहे. कुणी तोंडाने मागत नाही. 'आमची काही अपेक्षा नाही, मुलाला कामावर जायला लांब पडते एवढेच' असे म्हटले जाते. मुलीचा बाप समजून घेतो. हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालचा आहे. आपल्या धर्मात मेहर देणे नवऱ्यावर आहे, हे प्रत्येक निकाहच्या वेळी मोठ्याने वाचले जाते. तरीही त्याच मांडवाबाहेर फुलांचा हार घातलेली नवी गाडी उभी असते आणि तिचे हप्ते मुलीचा बाप पुढची तीन वर्षे भरत असतो. त्या गाडीवर जावई बायकोला घेऊन फिरायला जातो. रस्ता चांगला, हवा चांगली, गाडी नवी. मागे बसलेल्या मुलीला मात्र प्रत्येक किलोमीटरला अब्बांचा हप्ता आठवतो. ही सवारी सुखाची झाली का? पुढच्याला विचारले तर तो होय म्हणेल आणि ते खोटे बोलणे असणार नाही. म्हणूनच केवळ पुढच्याला विचारून भागत नाही.

तिसरे उत्तर रस्त्याचे आणि निसर्गाचे. इथे मी माझ्या माहितीतला रस्ता घेते : चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून कराडला जाणारा. शिरगाव, अलोरे, पोफळी अशी गावे मागे टाकली की घाट सुरू होतो. पोफळीच्या बाजूला कोयनेच्या पाण्यावर वीज तयार होते आणि ते पाणी पुढे वाशिष्ठीला मिळून चिपळूणवरून समुद्राकडे जाते. ज्या नदीचे पाणी एरवी पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे गेले असते, ते डोंगराच्या पोटातून पश्चिमेला उतरते आणि आपण त्याच डोंगरावर नागमोडी वळणांनी उलट दिशेने चढत असतो. खाली दमट उकाडा असतो. वर येता येता एखाद्या वळणावर अचानक गार हवेचा पट्टा लागतो, जणू कुणी दार उघडले. ओल्या मातीचा, जळत्या पालापाचोळ्याचा, ट्रकच्या तापलेल्या ब्रेकचा वास येतो. माथ्यावर पावसाळ्यात धुके एवढे दाट की पुढच्या गाडीचा लाल दिवा हीच काय ती खूण. पुढे हेळवाक येते. महाबळेश्वरहून दक्षिणेकडे धावणारी कोयना इथे जवळजवळ काटकोनात पूर्वेला वळते. नंतर पाटणपर्यंत आणि पुढे कराडपर्यंत रस्ता तिच्या सोबतीने जातो.

परंतु हा सारा देखावा एसटीच्या खिडकीतूनही दिसतो, आणि पाहणाऱ्याला तिथे अधिक निवांतपणे दिसतो. मग मोटारसायकलवर वेगळे काय घडते? माझे उत्तर असे की बसमध्ये आपण रस्ता पाहतो. मोटारसायकलवर तो आपल्याला वाचावा लागतो. पुढच्या वळणाचा घेर किती, डांबरावर वाळू सांडली आहे का, सावलीत शेवाळ धरले आहे का, पहिल्या पावसात रस्त्यावरचे जुने तेल वर आले आहे का, वळणापलीकडून ट्रकचा आवाज येतो का, हे वाचल्याशिवाय पुढची ओळ येत नाही. थंड हवेचा पट्टा बसमधल्या माणसालाही लागतो. पण जो सगळ्या इंद्रियांनी जागा आहे त्याला तो बक्षिसासारखा लागतो. सुख देखाव्यात असते तर ते सर्वांना सारखेच मिळाले असते. ते जागेपणामुळे वाढते.

हा जागेपणा शिकावा लागतो, हे मला बी.एड.ने शिकवलेल्या एका गोष्टीमुळे ध्यानात आले. सूक्ष्म अध्यापनात आम्हांला एकेक कौशल्य सुटे करून शिकवतात. आज फक्त प्रस्तावना, उद्या फक्त प्रश्न विचारणे, परवा फक्त फळ्यावरचे लेखन. मग सेतुपाठात ती जोडतात आणि शेवटी पूर्ण पाठ घेताना कुठले कौशल्य वापरत आहोत याचे भानही राहत नाही. लक्ष सारे मुलांकडे असते. मोटारसायकलचेही तसेच. क्लच सोडताना गाडी धक्का देते, गिअर मोजावा लागतो, पुढचा ब्रेक किती दाबावा याची भीती वाटते. काही महिन्यांनी हात आपोआप चालतात आणि लक्ष मोकळे होते. शरीर तर अशा गोष्टी शिकते की ज्या डोक्याला सांगितल्या तर पटणार नाहीत. धावत्या गाडीवर डावीकडे वळायचे असेल तर डावी मूठ किंचित पुढे ढकलावी लागते. चाक क्षणभर उजवीकडे वळते, गाडी डावीकडे झुकते आणि मग वळते. सायकल चालवणारा प्रत्येक जण हे करतो आणि कुणालाच ते माहीत नसते. दुसरी गोष्ट नजरेची. खड्ड्याकडे टक लावून पाहिले तर गाडी खड्ड्यातच जाते. जिथे जायचे तिकडे पाहावे लागते.

मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी १९९० च्या आपल्या पुस्तकात दाखवले की माणूस सर्वांत सुखी तेव्हा असतो जेव्हा समोरचे काम त्याच्या कौशल्याला पुरून उरेल एवढे अवघडही नसते आणि कंटाळा येईल एवढे सोपेही नसते. घाटातली सवारी याचे चांगले उदाहरण आहे. तिथे ताशी ३०-३५ च्या वेगात जे सुख मिळते ते सरळ महामार्गावर ९० लाही मिळत नाही. सुखासाठी वेग वाढवण्याऐवजी लक्ष वाढवता येते, ही बातमी आपल्या मुलांपर्यंत पोहोचलेली नाही.

आता मुख्य मुद्दा. लक्ष ही अशी चीज आहे की ती स्वतःपुरती राखून ठेवता येत नाही. जो खरोखर लक्ष देऊन चालवतो त्याला शेळ्या घेऊन निघालेली म्हातारी दिसते, दप्तर पाठीवर घेऊन कडेने चालणारी मुले दिसतात, चिखलाच्या डबक्याशेजारी पांढऱ्या कपड्यांतला नमाजी दिसतो. दिसल्यावर हात आपोआप थोडा मागे येतो. रस्त्याच्या नियमांत घाटाविषयी एक नियम आहे : रस्ता अरुंद असेल तिथे उतरणाऱ्या गाडीने चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी. चढणारी गाडी एकदा थांबली की पुन्हा निघणे तिला कठीण जाते; उतरणाऱ्याला थांबायला फारसे काही लागत नाही. ज्याचे सोपे चालले आहे त्याने ज्याला ओढ पडते आहे त्याच्यासाठी थांबावे, एवढी नीती त्या साध्या नियमात आहे. कुंभार्लीत मी उतरताना बाजूला थांबते आणि खालून भरलेला ट्रक घरघरत वर येतो. ड्रायव्हर हात किंचित वर करतो. त्या दिवसाच्या सवारीतले ते सुखाचे क्षण असतात. तेव्हा मला लुत्फ या शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच वेळी कळतात.

मागच्या सीटचा हिशेब याहून स्पष्ट आहे. पुढच्याच्या हातात मूठ असते, ब्रेक असतो, पुढे काय येते ते त्याला आधी दिसते. मागच्याकडे यांतले काही नसते. वळण येणार हे त्याला गाडी झुकल्यावर कळते. म्हणून तोच वेग पुढे धीराचा आणि मागे धास्तीचा वाटतो. आपल्याकडच्या स्त्रिया बहुधा एका बाजूला पाय सोडून बसतात; मांडीवर मूल, हातात पिशवी. बुरखा, ओढणी किंवा पदर चाकात जाऊ नये म्हणून मागच्या चाकाचा किमान निम्मा भाग झाकणारी जाळी आणि धरायला कडी असावी, असा आपल्याकडे मोटार वाहनांचा नियम आहे. मुले गाडी 'स्पोर्टी' दिसावी म्हणून आधी तीच जाळी काढून टाकतात. गाडीवर मागे कोणी बसणार आहे, ही गोष्टच त्यांनी आपल्या सुखातून वगळलेली असते. आठ वर्षांच्या अनुभवावरून मी सांगते, मागे बसलेल्याला वेगाची फारशी तक्रार नसते. त्याला अचानकपणाची असते. ब्रेक हळूहळू लागला, खड्ड्याआधी 'सांभाळ' असा एक शब्द आला, वळणाआधी वेग उतरला, तर मागचा माणूस हळूहळू हात सैल सोडतो आणि आजूबाजूला पाहू लागतो. गप्पाही सुरू होतात. तिथून सवारी दोघांची होते. 'हमसफर' हा शब्द आपण लग्नपत्रिकांवर छापतो. त्याची कसोटी इतक्या जवळ असते.

इथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो घेतलाच पाहिजे. एक चाक उचलून गर्दीतून गाडी नेणारा मुलगा सुखी नसतो का? त्याच्या चेहऱ्यावरचे हसू खोटे असते का? 'खरे सुख' आणि 'खोटे सुख' असा भेद करून आपण आपल्याला न आवडणारे सुख नाकारतो, असे नाही का? मला हा आक्षेप महत्त्वाचा वाटतो. त्याचे हसू खोटे नाही. परंतु ते सुख कशाने बनले आहे, ते पाहावे. रस्ता रिकामा असेल आणि पाहणारे कोणी नसेल तर त्यातले बरेचसे उरत नाही. बाजूला उडी मारणारी बाई, दचकलेला म्हातारा, कट्ट्यावरचे मित्र हे सारे त्याच्या सुखाचा कच्चा माल असतात. म्हणजे हे सुख इतरांकडून घेतलेले आहे आणि त्यांना विचारून घेतलेले नाही. घाटातल्या थांबणाऱ्याचे सुख कुणाकडून काही घेत नाही. दोन्ही सुखे खरी असली तरी त्यांच्यातला हा फरक नैतिक आहे.

आणि किंमतही आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतील सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. यांतील सर्वांनी बेफिकिरी केली असे मी म्हणणार नाही. खड्डे, अंधार आणि दुसऱ्याच्या चुका यांचेही ते बळी आहेत. टी. ई. लॉरेन्स, ज्याला जग 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून ओळखते, तो मोटारसायकलच्या वेगाचा मोठा आशिक होता. १९३५ च्या मे महिन्यात इंग्लंडमधल्या गावरस्त्यावर सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना त्याची गाडी गेली आणि सहा दिवसांनी तो मरण पावला. त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यांनी पुढे मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला आणि १९४१ साली हेल्मेटच्या उपयोगावर निबंध प्रसिद्ध केला. आज आपण जे हेल्मेट आरशाला अडकवून हिंडतो त्याच्या मागे ही गोष्ट आहे. मी ओढणी घट्ट बांधून तिच्यावर हेल्मेट घालते. दोन्ही एकत्र बसतात.

सुखाच्या या प्रश्नात हक्काचाही भाग आहे. सवारीचा आनंद आपण मुलग्यांना वयात येण्याआधीच देतो. अठरा वर्षांखालच्या मुलाला गिअरच्या गाडीचे लायसन्स मिळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा मुलाने केलेल्या गुन्ह्यासाठी पालकाला तुरुंगवासही होऊ शकतो. तरी बाप कौतुकाने चावी देतो. मुलीला मात्र पंचविसाव्या वर्षीही 'कशाला हवे?' असे विचारले जाते. सौदी अरेबियात स्त्रियांना वाहन चालवण्याची परवानगी २०१८ च्या जूनमध्ये मिळाली आणि त्यात मोटारसायकलही आली. आपल्या देशात कायद्याने स्त्रीला अशी बंदी कधीच नव्हती. आपल्याकडे ते काम मोहल्ल्याची नजर करते. मी पहिल्यांदा गाडी घेऊन निघाले तेव्हा नाक्यावर काही जण हसले. दुसऱ्या वर्षी त्यांतल्याच एकाने आपल्या बहिणीला शिकवाल का म्हणून विचारले. ती आता स्वतः दवाखान्यात आईला घेऊन जाते. जे सुख अर्ध्या माणसांनी दुसऱ्या अर्ध्यांना मागे बसवून घ्यायचे, त्यात सौजन्याचा अर्थ अपुरा राहतो.

आपण मुसलमान वाहनावर बसताना जी दुआ म्हणतो, तिचा आशय असा की या वाहनावर आपला ताबा आहे तो आपल्या बळाने आलेला नाही. मुले ती पाठ म्हणतात आणि पुढच्याच क्षणी मूठ पिळतात. शंभर सीसीच्या इंजिनात कित्येक माणसांचे बळ असते. ते आपले नाही, आपल्याला वापरायला मिळालेले आहे, हे भान त्या दुआत आहे. रस्त्यावरची इजा करणारी वस्तू दूर करणे हा ईमानचाच एक भाग, हेही आपण मदरशात शिकतो. त्याचा अर्थ काटा आणि दगड एवढाच घेतला जातो. मोटारसायकलवरचा बेफाम माणूस ही रस्त्यावरची इजा करणारी वस्तू नव्हे काय? 'सफर' या शब्दाच्या अरबी मुळात उघड होणे, पडदा दूर होणे असाही अर्थ आहे. सफरीत माणसाचा स्वभाव उघडा पडतो, असे जुने लोक म्हणत ते यामुळेच. मशिदीत, शाळेत, सभेत आपण सभ्य असतो. चढावर भरलेला ट्रक समोर आला की आपण कोण आहोत ते दिसते.

म्हणून मुलांना मी गाडीपासून दूर राहा असे सांगत नाही. केवळ मनाई केल्याने कोणतेही सुख थांबत नाही. ते लपून घेतले जाते आणि लपून घेतलेले सुख अधिक बेफाम होते. मी त्यांना म्हणते, अठरा वर्षे पूर्ण होऊ द्या, लायसन्स काढा, साखळीला तेल द्यायला शिका, हेल्मेट घाला आणि मग घाट चढा. गार हवेचा पट्टा लागेल तो अंगावर घ्या. आणि घरी पोहोचल्यावर मागे बसलेल्याला विचारा की तुला कसे वाटले.

आरटीओच्या परीक्षेत दुचाकीने आठचा आकडा काढायला लावतात. पाय जमिनीला टेकतो का, एवढे साहेब पाहतात. ते आवश्यकच आहे; तोल सांभाळता आलाच पाहिजे. परंतु मागच्या सीटवर कुणाला बसवून त्याचे मत कोणत्याही परीक्षेत घेतले जात नाही. रस्त्याकडेच्या म्हातारीला विचारले जात नाही. ती परीक्षा सरकार घेऊ शकणार नाही. ती घरात आणि शाळेतच घ्यावी लागेल, आणि तिच्यात उत्तीर्ण होणाऱ्यालाच लुत्फ या शब्दाचा अर्थ समजला, असे मी माझ्या वर्गापुरते तरी ठरवले आहे.